गावंडे सरांचे मेलेले फोटो

गावंडे सरांनी उभ्या आयुष्यात फोटो किती काढले ते देव जाणे, पण ठेवले फक्त एकेचाळीस. हा आकडा ते स्वतःच सांगायचे आणि तो कमी होत चालल्याचा त्यांना अभिमान होता. "मांगच्या दिवाळीले त्रेचाळीस होते. दोन मेले." मेले म्हणजे पुन्हा पाहताना त्या दोन फोटोंत त्यांना जीव दिसला नाही आणि त्यांनी ते कायमचे पुसून टाकले. त्यांच्या लेखी फोटोंचे दोनच प्रकार होते. एक जिता, दुसरा मेला. तिसरा प्रकार काढणाऱ्याला ते त्यांच्या खोलीत बसू देत नसत.

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो मस्कतला, समुद्राकाठी. मी यवतमाळचा, जिल्हा परिषदेतल्या कारकुनाचा मुलगा. पाणी तपासायच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली म्हणून तिकडे गेलो होतो. शुक्रवारची सुट्टी खायला उठायची. खोलीतले बाकीचे तिघे ती झोपून काढायचे. मी कॅमेरा घेतला आणि सगळे नवशिके करतात तेच केलं, मावळत्या सूर्यावर तुटून पडलो. तीस-चाळीस फोटो झाले असतील, तेवढ्यात मागून आवाज आला, "सूर्य रोजच बुडते, बापा. त्याच्या कायले मांगं लागून राह्यला?"

परक्या मुलखात सहा महिन्यांनी कानावर वऱ्हाडी पडली होती. वळून पाहिलं तर बुटका, जाडजूड, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेला पन्नाशीचा माणूस गालात लवंग धरून उभा. त्याने माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं. यवतमाळ म्हटल्यावर म्हणाला, "मी बोरी अरबचा. दे न इकडे." माझ्या हातातून कॅमेरा घेऊन त्याने सगळे फोटो एकेक करून पाहिले आणि तो परत करत म्हणाला, "सारे मेले हायेत. पुढच्या शुक्रवारी खोलीवर ये." पत्ता सांगितला आणि निघून गेला. हा आपला अपमान झाला हे मला घरी पोचल्यावर कळलं. तरीही पुढच्या शुक्रवारी मी गेलो. खरं सांगायचं तर फोटोग्राफीसाठी गेलो नाही, त्या बोलण्यासाठी गेलो.

सर आधी दारव्ह्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून सर. नंतर नकाशे काढण्याच्या कामावर मस्कतला आले. तिथे त्यांना एक म्हातारा पोलिश इंजिनिअर भेटला आणि त्याने त्यांना फोटो काढायला शिकवलं. शिकवलं म्हणजे काय केलं, तर सरांचे पहिले तीन रोल न बघता कात्रीने कापले. "पहिल्या रोलाले मी भांडलो, दुसऱ्याले रडलो. तिसऱ्याले काहीच केलं नाई. तवा म्हने, आता शिकवतो." ही गोष्ट सर कौतुकाने सांगायचे. आपल्यालाही एक दिवस असाच शिष्य मिळेल, अशी त्यांची आशा होती.

शुक्रवारच्या वर्गाला आम्ही पाच जण होतो, सगळे मराठी. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर सर काळी पट्टी चिकटवायचे. फोटो कसा आला ते काढणाऱ्याने आठवडाभर पाहायचं नाही. शुक्रवारी ती पट्टी सर स्वतः काढणार, फोटो सगळ्यांसमोर बघणार आणि निकाल देणार. मेला, मेला, मेला. निकाल लागला की कॅमेरा ज्याचा त्याच्या हातात. "अग्नी तूच दे. तुझा हाय." मग आपल्याच अंगठ्याने आपला फोटो पुसायचा. शंभरातले अठ्ठ्याण्णव असे जायचे. एखाद्या फोटोवर सर थांबायचे, गालातली लवंग दुसऱ्या गालात जायची आणि बारीक आवाजात म्हणायचे, "जिता हाय बे हा." त्या चार शब्दांवर मी महिना महिना तरंगत असे. पगारवाढीनेही मला तेवढा आनंद झाला नसेल.

वर्ग संपला की सर स्वतः केलेला पातोडीचा रस्सा वाढायचे. फार सुंदर करायचे. त्या दिवशी ज्याची सगळ्यात जास्त हजेरी घेतली असेल, त्याच्या ताटात सगळ्यात जास्त पातोड्या पडायच्या. माझी एकुलती एक लेन्स वाळूत पडून खराब झाली तेव्हा त्यांनी स्वतःची काढून दिली आणि परत मागितली नाही. हेही सांगायला हवं, नाहीतर आम्ही तिथे का जात होतो ते कोणाला कळणार नाही.

माणसाच्या तोंडावर त्याच्या तोंडाबद्दल बोलायची त्यांना खोड होती. "तुमचा डावा गाल कामाचा हाय, उजवा नाई," हे त्यांनी आमच्या एका साहेबाच्या बायकोला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. ती बिचारी पुढे त्यांच्यासमोर आली की मान वळवून उभी राहायची. सरांना ते बरोबर वाटायचं.

आमच्यात राळेगावचा डेहणकर होता, स्वभावाने भोळा. त्याची बायको आणि तीन वर्षांची मुलगी महिनाभरासाठी तिकडे आल्या होत्या. मुलीने पहिल्यांदा समुद्र पाहिला. डेहणकरने तिचे तीनशे फोटो काढले आणि त्या दोघी परत गेल्यानंतरच्या शुक्रवारी प्रामाणिकपणे वर्गात आणले. दुसरीकडे कुठे उतरवून ठेवले नव्हते. नियम म्हणजे नियम. सरांनी तीनशेच्या तीनशे पाहिले. "लेकरू गोड हाय. फोटो मेले हायेत. दे अग्नी." डेहणकर एकेक पुसत गेला. आम्ही बाकीचे रश्श्याच्या वासाकडे लक्ष आहे असं दाखवत बसलो. निम्म्यावर आल्यावर त्याचा हात थांबला आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला. सरांनी त्याला उगी केलं नाही. त्यांनी स्वतःचा कॅमेरा उचलला आणि एकच फोटो काढला. तो एकेचाळिसातला एक. फोटो उत्तम आहे, हे मला आजही नाइलाजाने म्हणावं लागतं. डेहणकर पुन्हा वर्गाला आला नाही.

आणखी एक गोष्ट सरांनीच सांगितली होती. त्यांची बायको तरुणपणीच गेली, सर तिकडे असताना. तेरवीला लावायला फोटो शोधला तर घरात एकही नव्हता. फोटो काढणाऱ्याच्या घरात! शेवटी मतदान ओळखपत्रावरचा चेहरा मोठा करून आणला आणि त्याला हार घातला. "माह्या बायकोचा मी शंभरदा काढला असन," सर म्हणाले, "पन एकबी जिता नव्हता. खोटा कसा ठेवू?" हे सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. मला तेव्हाच शहाणपण यायला हवं होतं. मी उलट भारावलो. केवढी ही निष्ठा, असं काहीतरी मनात म्हणालो. चाळिशीला आलेला माणूस इतका बावळट असू शकतो.

फोटोंनंतर सरांना फिल्मचं वेड लागलं. तिथल्या हौशी लोकांचं एक मंडळ दरवर्षी पाच-पाच मिनिटांच्या फिल्म दाखवायचं आणि त्यात नंबर काढायचं. पोलिश म्हाताऱ्याचा एकदा तिथे दुसरा नंबर आला होता. सरांना पहिला हवा होता. आमची दोघांची सुट्टी एकाच महिन्यात आली तेव्हा त्यांनी विषय सांगितला. परदेशी निघालेला मुलगा आणि त्याची आई. मुलगा मी. आईही माझीच. मला याचा अभिमान वाटला, हे लिहितानाही लाज वाटते.

माझी आई यवतमाळात एकटी राहायची. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि माझी मोठी बहीण, वंदीताई, दोन गल्ल्या पलीकडे. सर शहराला लागूनच असलेल्या लोहाऱ्यातल्या त्यांच्या घरून दोन दिवस सकाळी सातला यायचे. आईने पहिल्या दिवशी ठेवणीतली साडी नेसली होती. सरांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काकू, हे लग्नाचं पातय काढून ठेवा. रोजचं विटकं नेसा. तुमी म्हाताऱ्या दिसाले पायजे." आई आत जाऊन साडी बदलून आली. मला वाटलं चिडली असेल. ती म्हणाली, "म्हाताऱ्या बाईले म्हातारं दिसाले काय मेहनत लागते? बसा, चहा घ्या आधी."

दोन दिवस ती कॅमेऱ्यासमोर जगली. लसूण सोलला, भाकरी थापल्या, शेजारणीशी भांडली. मी थर्मोकोलचा पांढरा तुकडा धरून तिच्या तोंडावर उजेड पाडत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आपण होऊन बोलायला लागली. माझ्या जन्माची गोष्ट. राळेगावहून येताना एसटीतच तिला कळा सुरू झाल्या. कंडक्टरने मधले सगळे थांबे सोडून गाडी थेट यवतमाळच्या दवाखान्यात आणली आणि पोरगा झाल्याचं कळेपर्यंत अर्धे प्रवासी दवाखान्यासमोर थांबून राहिले. आई त्या कंडक्टरची नक्कल करायची. "'कोनी उतरायचं नाई, आधी बाई उतरन!'" असं घोगऱ्या आवाजात म्हणून स्वतःच इतकी हसायची की पदर तोंडात कोंबावा लागायचा. ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली होती. त्या दिवशी ती पूर्ण, हसण्यासकट, कॅमेऱ्यात उतरली. सरांनी कॅमेरा बंद केला. मग म्हणाले, "चहा कर बे."

तिसऱ्या दिवशी मी खरोखरच परत निघणार होतो. नागपूरच्या विमानतळाकडे जाणारी गाडी दारात उभी होती, सामान टाकून झालं होतं. आईने हातावर दही दिलं. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "येतो आई." ती म्हणाली, "ये बापा. पोचला की फोन कर." सर दाराच्या चौकटीला कॅमेरा टेकवून होते. "मेलं," ते म्हणाले. "पुन्हा." आईने पुन्हा चमचाभर दही दिलं. मी पुन्हा येतो म्हणालो. तेही मेलं. तिसऱ्या वेळी आई जरा कंटाळून म्हणाली, "बराबर झालं का आता? याले उशीर होऊन राह्यला."

सरांनी मला बाजूला, तुळशीजवळ नेलं. "आता 'जातो' म्हन."

आमच्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत. कोणाच्याच घरी म्हणत नसतील. जातो म्हणतो तो परत येत नाही. लहानपणी चुकून तोंडून निघालं तर आई दारातून परत बोलवून बसवायची, पाणी पाजायची आणि मग पुन्हा 'येतो' म्हणवून सोडायची. "सर, तसं म्हणत नाहीत," मी म्हणालो.

"मले काय माहीत नाई? म्हनूनच म्हन. आन तिले सांगू नको."

मी दारात आलो. आईच्या हातात दह्याची वाटी. मी तिच्याकडे बघून म्हणालो, "जातो मी, आई."

तिचा चेहरा कसा झाला ते मी लिहिणार नाही. ती रडली नाही. चमचा वाटीत तसाच राहिला. थोड्या वेळाने अगदी हळू म्हणाली, "येतो म्हण, नित्या."

"जिता हाय!" सर ओरडले. कॅमेरा छातीशी धरून पन्नाशीचा तो माणूस अंगणात अक्षरशः नाचला. मला सुटल्यासारखं वाटून हसू आलं. वंदीताई आतून धावत आली. "काय म्हटलं तू? काय म्हटलं याने?" आई वाटी घेऊन माझ्यामागे येत होती, "येतो म्हण, बापा." आणि मी तोंड उघडणार एवढ्यात सरांनी माझं मनगट धरलं. "आता म्हनू नको! तिचा चेहरा बदलन. गाडी निंघाल्याचा एक शॉट राह्यला." ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी गाडीत बसलो. आई काचेवर हात ठेवून काहीतरी म्हणत होती, काय ते मला माहीत होतं. मी समोर बघितलं, कारण सरांनी समोर बघायला सांगितलं होतं.

कळंबजवळून मी फोन केला. "आई, येतो." ती म्हणाली, "हो हो. फोनवर म्हटलं तरी चालते." मला बरं वाटावं म्हणून म्हणाली.

सातव्या आठवड्यात आई गेली. हृदय बंद पडलं. मला सुट्टी आणि तिकीट मिळून पोचायला तिसरा दिवस उजाडला, तोवर सगळं उरकलं होतं. वंदीताईने मला घरात घेतलं, जेवायला वाढलं आणि वाढता वाढता म्हणाली, "जातो म्हणून गेला ना तू." एवढंच. पुन्हा तो विषय तिने काढला नाही. मी विज्ञान शिकलेला माणूस आहे, पाण्यातले जंतू मोजून पोट भरतो. एका शब्दाने कोणी मरत नाही हे मला समजतं. पण ते सात आठवडे ती त्या शब्दाला धरून बसली असेल, रोज कोणत्यातरी देवाला त्याबद्दल सांगत असेल, हेही मला समजतं. आणि ते मी तिला फिल्मसाठी दिलं होतं.

दहाव्या दिवशी सकाळी सरांचा मेसेज आला, "वाईट झालं." अर्ध्या तासाने दुसरा. "आईचा पहिला नंबर आला."

त्यानंतर मी त्यांच्याशी बोललो नाही. वर्षभराने ते निवृत्त होऊन लोहाऱ्याला राहायला आल्याचं कानावर आलं. मी सुट्टीवर आलो होतो तेव्हा वंदीताई एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "आईचा आवाज आठवून पाह्यला तं येत नाई रे आता. ते एसटीचं सांगे थे सरांनी कॅमेऱ्यात भरलं होतं ना?" आमच्याकडे आईचा आवाज कुठेच नव्हता. रोज फोनवर बोलायचो, पण ते कोण भरून ठेवतं? तिची नक्कल मी करून पाहिली. शब्द सगळे येतात. ते हसणं येत नाही.

म्हणून मी लोहाऱ्याला गेलो. औद्योगिक वसाहतीच्या मागे दोन खोल्यांचं घर. भिंती कोऱ्या. सरांना मी आल्याचं नवल वाटलं नाही. "तिथं बस, खिडकीपाशी," म्हणाले आणि समोर खाटेवर बसले. आधी त्यांनी मला आपण होऊन फिल्म दाखवली. पाच मिनिटांत आई फक्त शेवटी येते, अकरा सेकंद. तोच चेहरा. 'येतो म्हण' हे शब्दही त्यांनी कापले होते.

मी म्हणालो, "सर, बाकीचं द्या. दोन दिवसांचं होतं ना, लसूण सोलतानाचं, एसटीची गोष्ट. ताईला हवं आहे. मलाही. चित्र नसलं तरी चालेल. नुसता आवाज असला तरी चालेल."

"थे नाई आता," सर म्हणाले. "मस्कतले पोचाच्या आधीच उडवलं. मेलं होतं सारं."

"ती हसत होती, सर."

"म्हनून तं."

"माझी आई होती ती."

"मले माहीत हाय."

मला त्यांना शिवी द्यायची होती. त्याऐवजी डोळे वाहायला लागले. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की सर माझ्याकडे बघत नव्हते, खाटेशेजारच्या फळीकडे बघत होते. तिथे एका घडी घातलेल्या टॉवेलवर कॅमेरा ठेवला होता आणि त्याचा लाल दिवा लागलेला होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तू आला तवापासून." ते उठले, फळीजवळ गेले, रेकॉर्डिंग मागे नेऊन छोट्या पडद्यावर काहीतरी पाहिलं. गालातली लवंग हलली. "आला. लई बराबर आला. पन पंखा सुरू होता ना, त्याची घरघर घुसली." त्यांनी पंखा बंद केला. तो पूर्ण थांबेपर्यंत वर बघत उभे राहिले. मग म्हणाले, "परत एकदा विचार. आता विचारलं तसंच. नुसता आवाज असला तरी चालन म्हटलं ना, थे बराबर म्हन."

मी तिथून उठून निघून आलो, असं मी वंदीताईला सांगितलं. कॅमेरा आपटून आलो, असं मस्कतच्या दोघा-तिघांना सांगितलं. तसं झालं नाही. मी बसून राहिलो. डोळे पुसले नाहीत, त्यांनी पुसू नको म्हटलं होतं. आणि मी परत विचारलं. सर, चित्र नसलं तरी चालेल, नुसता आवाज असला तरी चालेल. या वेळी ते काही वेगळं सांगतील, असं मला खरोखर वाटलं होतं. सर कॅमेऱ्यामागे वाकलेले होते, एक डोळा मिटलेला, आणि नाही म्हणून मान हलवत होते.